तळापासून

मुकादम रांगेत उभा आहे, हे पाथरवटिणीला आधी तिच्या सासूने सांगितलं.

म्हातारी चुलीशेजारी कांदे चिरत बसली होती. तिला लांबचं लख्ख दिसायचं आणि जवळचं धूसर, त्यामुळे कांद्याच्या फोडी कशाही पडायच्या, पण रांगेत कोण आलं, कोण आलं नाही, ते तिला सगळ्यांआधी कळायचं.

"सूनबाई, शिट्टी आलाय बघ," ती म्हणाली. "हातात भांडं धरलंय, पण मान अशी की जणू आजही ट्रक भरून घ्यायला आलाय मेला."

पाथरवटिणीने मान वर केली नाही. हातातलं वल्हं तिने पातेल्यात एकदा पुरतं फिरवलं आणि मग थांबवलं.

पातेलं एवढं मोठं होतं की लहान पोर आत बसवून अंघोळ घालता आली असती. ढवळायला त्याला साधा डाव पुरायचा नाही. नावाड्याची नाव पुरात गेली, वल्हं तेवढं मागे राहिलं; ते त्याने आणून दिलं होतं. "नदीत नाही तर कढणात तरी चालू दे," म्हणाला होता.

पूर पावसाळा संपता संपता आला आणि जाताना सगळ्यांची कामं घेऊन गेला. शेतांवर गाळाचा थर बसला. दगडाची खाण काठोकाठ भरली. खाणीच्या मालकाने यंत्रं ओढून नेली आणि परत तोंड दाखवलं नाही. ज्या खाणीत घोटभर पाण्यासाठी माणसं तरसायची, तिथे आता बगळे उतरत होते. गावात चुली होत्या, त्यांच्यावर ठेवायला काही नव्हतं. मग शाळेच्या बाईंनी खाणीची वजनकाट्याची शेड उघडून घेतली. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने आणायचं: मूठभर डाळ, एखादा भोपळा, लाकूडफाटा. ज्याच्याकडे काही नाही त्याने हात आणायचे. सगळं एका पातेल्यात पडायचं आणि दुपारी सगळ्यांना मिळायचं.

पहिल्याच दिवशी भांडण झालं होतं. पुढच्यांना नुसतं पाणी मिळालं, मागच्यांना गोळा. बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी काचेचा पेला मागवला, त्यात पाणी भरलं, चिमूटभर शिजलेली डाळ टाकली आणि पेला पोरांच्या डोळ्यांसमोर धरला. "काय झालं?" "डाळ खाली बसली." "मग वरचं कुणाला आणि खालचं कुणाला?" बाईंनी चमचा फिरवला. पेल्यातली डाळ वर आली, सगळीकडे पसरली. "आता?" "आता सगळ्यांना," पोरं म्हणाली. तेव्हापासून शेडमध्ये एकच नियम. ओगराळं बुडवायच्या आधी वल्हं तळापासून फिरवायचं. प्रत्येक माणसाला, प्रत्येक वेळी. वल्हं आणि ओगराळं बाईंनी पाथरवटिणीच्या हातात दिलं, कारण खाणीत डोक्यावर खडीच्या पाट्या वाहून तिचे खांदे पुरुषासारखे झाले होते, आणि तिचा हात कुणाकडे झुकत नसे.

आता मुकादम पुढे सरकत होता. त्याच्या पुढच्या माणसाने भांडं धरलं तेव्हा तिने वल्हं पातेल्याच्या काठाला टेकवून ठेवलं. त्या माणसाला वाढलं. मग कोपराने कपाळाचा घाम पुसला, पदर खोचला, चुलीतलं लाकूड उगाच मागेपुढे केलं. डाळ खाली बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिने लावला.

मुकादमाने भांडं पुढे केलं. तिने ओगराळं वरच्या वर फिरवलं आणि ओतलं.

त्याने भांड्यात पाहिलं. गळ्यात अजून ती शिट्टी होती, काळ्या दोरीत. नोकरी गेली, नदीकाठचं घर बसलं, मुलगा शहरातून आला नाही, पण शिट्टी गेली नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "पुढे व्हा."

तो पुढे झाला.

"छान वाढलंस," सासू कांद्यांकडे बघत म्हणाली.

*

दोन उन्हाळ्यांमागची गोष्ट. खाणीत पाण्याचं पिंप असायचं आणि पिंपाशेजारी स्टूल टाकून मुकादम बसायचा. पिंपात लांब दांडा जोडलेलं टिनाचं डबडं. ट्रक भरला की शिट्टी, शिट्टी वाजली की पाणी. त्याआधी नाही. एका दुपारी, दगडावर पाय ठेववत नव्हता अशा दुपारी, तिच्या नवऱ्याने काम थांबवलं आणि पाणी मागितलं. हात जोडले नाहीत, भांडला नाही. नुसता म्हणाला, "मुकादम, पाणी द्या."

मुकादमाने डबडं भरलं. उठून त्याच्यापर्यंत आला. पाथरवटाने ओंजळ केली. मुकादमाने डबडं ओंजळीवर आणलं आणि मग हात जरासा बाजूला नेऊन सगळं पाणी दगडावर ओतलं.

"ट्रक भर, मग पी."

दगड बघता बघता कोरडा झाला. पाथरवटाची ओंजळ तशीच राहिली होती. त्याने ती सोडवली, घण उचलला आणि ट्रक भरला. भरल्यावर पडला. तोंडाला फेस, अंग भट्टीसारखं. जगला, पण डावा हात तेव्हापासून नीट वर जात नव्हता. एका हाताने कोण दगड फोडतं?

हे सगळं तिने डोक्यावर पाटी घेऊन पाहिलं होतं. बाकीच्यांनीही पाहिलं होतं. कुणी बोललं नव्हतं. तीही बोलली नव्हती.

हात गेला ते तिने सोसलं असतं. पण त्या दिवसापासून नवऱ्याने कुणाकडे काही मागायचंच सोडलं. घरातसुद्धा. तहान लागली की उठायचा, आणि अंगात ताप असला, उठवत नसलं, तर तसाच पडून राहायचा. ती अंदाजाने तांब्या भरून उशाशी ठेवायची. कधी अंदाज चुकायचा. रात्री त्याचा घसा कोरडा पडल्याचं खोकल्यावरून कळायचं, आणि ती उठली की तो डोळे मिटून घ्यायचा. शेडच्या रांगेत तो एकदाही आला नव्हता. चालता येत होतं, पण भांडं पुढे करणं जमत नव्हतं. त्याचा वाटा ती झाकणाच्या डब्यातून घरी न्यायची, आजाऱ्याचा नेतात तसा. बाई बघायच्या आणि विचारायच्या नाहीत.

म्हणून तिने मनाशी ठरवलं होतं. मुकादमाने मागायचं. तोंडाने. सगळ्यांसमोर म्हणायचं, "मला खालचं वाढ." तोवर त्याला पाणी.

*

मुकादम मूर्ख नव्हता. एवढी वर्षं माणसांच्या हातांवर नजर ठेवून त्याने पोट भरलं होतं. त्याला तिचा हात कळला. तो रांगेत शेवटी उभा राहू लागला. शेवटी तळ उरतो, आणि तळात डाळ.

मग तिने अंथरुणाला खिळलेल्यांचे डबे आधी न भरता शेवटी भरायला घेतले, मुकादमाच्या अगदी आधी. तळ त्यांच्यात जायचा. उरलेल्या चिकट कडेवर ती गरम पाण्याचा तांब्या फिरवायची आणि ते धुवण मुकादमाच्या भांड्यात. नियम कुठे मोडला नव्हता. वल्हं फिरवलेलंच असायचं.

रांगेतल्यांना कळायला वेळ लागला नाही. पूर्वी खाणीच्या आवारात बसून सायकलची पंक्चरं काढणारा, ज्याला शेडमध्ये सगळे पंक्चरवाला म्हणायचे, तो मुद्दाम जेवण संपवून मागे रेंगाळायचा.

"मुकादम, भांडं जरा हलवू नका," तो म्हणाला. "तुमच्या कढणात माझं तोंड स्वच्छ दिसतंय. दाढी उरकून घेतो."

हशा पिकला. ज्यांच्या तोंडून पूर्वी मुकादमासमोर शब्द फुटत नसे, ते आता त्याच्या तोंडावर त्याला शिट्टी म्हणू लागले. "शिट्टीला डबल वाढ, तहान लागली असेल." पाथरवटीण हसायची नाही. पण संध्याकाळी घरी जाताना तिचे पाय हलके पडायचे. कितीतरी महिन्यांनी तिला झोप लागू लागली होती.

मुकादमाचे गाल आत गेले. पँटीला दोरी आली. पण तो मागत नव्हता. भांडं धरायचा, आत बघायचा, शेडबाहेर दगडावर बसून एका दमात पाणी प्यावं तसं ते पिऊन टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. तिला कधी वाटायचं, हा मेला तरी मागणार नाही. आणि मग आणखी राग यायचा, कारण न मागण्याचा हट्ट तिच्या घरातही होता आणि तो तिला चांगला ओळखीचा होता.

एका संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो डब्यातलं कढण सावकाश खात होता.

"आज तर नुसतं धुवण दिलं त्याला. पंक्चरवाला पोट धरून हसत होता."

तो खात राहिला.

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

त्याने डबा तिरका करून शेवटचे दाणे बोटाने गोळा केले. "ढवळत जा नीट," एवढंच म्हणाला.

ती भांडी घेऊन बाहेर गेली आणि गरजेपेक्षा जोरात घासली.

*

पलीकडच्या गावात पूर पोचला नव्हता. तिथून एक दिवस डाळीची गोणी आली आणि सोबत एका सुताराने वाळलेल्या खोडाचे ओंडके पाठवले. त्या दिवशी कढण कधी नव्हे ते घट्ट झालं. वासानेच रांग रस्त्यापर्यंत गेली. पोरं भांडी वाजवत होती. बाईंनी पोरांना चित्रं काढायला बसवलं होतं, पण एकाचंही लक्ष चित्रात नव्हतं.

मुकादम आज शेवटी थांबला नाही. घट्ट कढणाचा वास त्यालाही आला असावा. तो रांगेच्या मध्यात होता.

तो जवळ आल्यावर तिने वल्हं काठाला टेकवलं आणि पदर खोचू लागली. मुकादमाने ते पाहिलं. तो बाजूला सरला आणि मागच्या बाईला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे."

तिला त्याचा डाव कळला. या बाईसाठी वल्हं फिरेल आणि लगेच तो भांडं पुढे करील. तिने वल्ह्याला हात लावला नाही. बाईला वरचंच वाढलं. बाईने भांड्यात पाहिलं, मग तिच्याकडे.

"अगं, आज तर घट्ट आहे म्हणत होते."

"पुढे व्हा."

मुकादम अजून बाजूलाच. त्याने आणखी एकीला पुढे केलं. तिलाही पाणी गेलं. मग एक म्हातारा, त्यालाही. दोघं एकमेकांकडे बघत होते, पातेल्याच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो, आणि मधून माणसं पाणी घेऊन जात होती. खाली वाळलेला ओंडका धडधडत पेटला होता. साध्या ओल्या फाट्यावर एवढा वेळ चालून गेला असता.

सासूने आधी नाक वर केलं. "सूनबाई, खाली लागलं."

तिने वल्हं घातलं. ते तळाला चिकटलं. जोर लावून ओढलं तसे काळे पापुद्रे वर आले आणि त्यांच्यासोबत वास. एका क्षणात तो सगळ्या कढणात उतरला. तिने ओंडका ओढून बाहेर फेकला, हात भाजला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

रांग थांबली. पोरांचं भांडी वाजवणं थांबलं. बाई पुढे आल्या, ओगराळ्याने थोडं घेऊन चाखलं आणि थुंकल्या नाहीत. गिळलं.

"ज्यांना खाववेल त्यांनी खा," त्या म्हणाल्या. "पोरांना आधी द्या, वरचं वरचं." काही पोरांनी खाल्लं. एक छोटी मुलगी तोंडात घास धरून रडू लागली. तिला थुंकायचंही नव्हतं आणि गिळायचंही नव्हतं.

"का नाही ढवळलंस?" बाईंनी विचारलं.

तिने तोंड उघडण्याआधी मुकादम बोलला. "मला विचारा. रोज पाणी पितोय मी इथे. रोज. ती वल्हं ठेवून देते मी आलो की. सगळ्यांना ठाऊक आहे, सगळे हसतात."

पंक्चरवाला जमिनीकडे बघू लागला.

"खरं आहे?" बाईंनी विचारलं.

"खरं आहे," पाथरवटीण म्हणाली. भाजलेला हात तिने पदरात गुंडाळला होता. "आणि ते का, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. बाई, तुम्ही खाणीत नव्हता. हे सगळे होते. यांना विचारा, माझ्या माणसाने पाणी मागितलं तेव्हा यांनी कुठे बघितलं. मीही डोक्यावरची पाटी खाली ठेवली नाही." तिने पिंपाकडे बोट केलं. ते शेडच्या कोपऱ्यातच होतं, दांड्याचं डबडं अजून त्याच्या काठावर अडकवलेलं. आता त्यात हात धुवायचं पाणी असायचं. "त्या डबड्याने. ओंजळीवर धरलं आणि दगडावर ओतलं."

बाईंनी मुकादमाकडे पाहिलं. त्याने नाही म्हटलं नाही.

"पातेलं तू घासायचं," बाई शेवटी तिला म्हणाल्या. "करपवलंस तू."

"घासते. पण उद्यापासून ढवळायला हा."

"मुकादम?"

"हाच. वाढायलाही हाच. सगळ्यांना, तळापासून. मी शेजारी उभी राहीन."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या, पोराने पाटीवर काय लिहिलंय ते बघावं तशा. "यात तुझा राग आहे का?"

"आहे. पण पातेलं करपणार नाही."

बाईंनी मान डोलावली. मुकादम म्हणाला, "मी नाही करणार हे," आणि मग त्याची नजर पातेल्याकडे गेली, त्या काळ्या, करपलेल्या कढणाकडे, आणि तो तिथेच उभा राहिला.

*

पातेलं घासायला दुपार गेली. तिने वाळू आणि राख घेतली, आत कंबरेपर्यंत वाकली आणि डाव्या हाताने घासलं, कारण उजव्याला फोड आले होते. सासू बाहेरून पाणी ओतत होती.

"शहाणपण केलंस की खुळेपणा, कळत नाही मला," सासू म्हणाली.

"मलाही नाही कळत."

"मग दोन्ही असेल. पाणी ओतू का आणखी?"

रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. ज्या माणसांना तिने मुकादमापायी पाणी वाढलं त्यांच्यासकट. मग म्हणाली, "उद्या तो वाढणार आहे. तुम्ही येता का?"

तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

*

दुसऱ्या दिवशी मुकादम वेळेवर आला. शिट्टी गळ्यात होती. वल्हं धरल्याबरोबर कळलं की त्याने आयुष्यात कधी काही ढवळलं नव्हतं. धुराने डोळे चुरचुरत होते, तळहाताला वल्ह्याचं लाकूड टोचत होतं.

"वरच्या वर काय फिरवता?" पाथरवटीण म्हणाली. "तळाला टेकवा. टेकलं की कळतं हाताला. हां. आता ओढा."

तो ओढायचा. माणसं पुढे यायची. पहिल्याने भांडं धरलं आणि म्हणाला, "खालून, मुकादम." दुसऱ्याने तेच म्हटलं. मग तो रिवाजच पडला. प्रत्येकाने म्हणायचं, "खालून," आणि त्याने प्रत्येकासाठी वल्हं तळाला टेकवून फिरवायचं, मग ओगराळं भरायचं. काल पाणी मिळालेल्या बायका आणि तो म्हातारा आला तेव्हा तिने स्वतः त्याला सांगितलं, "यांना दोन ओगराळी." त्याने दोन वाढली. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"शिट्टी वाजवा की," पंक्चरवाला म्हणाला. "जेवायची सुट्टी झाली."

यावेळी फारसं कुणी हसलं नाही. पंक्चरवाल्याने भांडं धरलं, वाढून घेतलं आणि जाता जाता हळूच पाथरवटिणीला म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी पण तिथेच होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मग सासूचा हात विळीवर थांबला. म्हातारी लांब रस्त्याकडे बघत होती आणि या वेळी ती काहीच बोलली नाही. पाथरवटिणीने वळून पाहिलं.

तिचा नवरा येत होता. डावा हात अंगाशी धरून, सावकाश. रांगेतल्या माणसांनी त्याला वाट दिली, पण तो पुढे आला नाही. रांगेच्या शेवटी उभा राहिला, त्याच्यामागे आणखी माणसं येऊन लागली, आणि तो सगळ्यांसारखा सरकत आला. तो जवळ आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्याच्या हातात भांडं नाही.

मुकादमाने ओगराळं उचललं होतं. समोर भांडं न दिसल्याने ते तसंच अधांतरी राहिलं.

"पाणी," पाथरवट म्हणाला.

आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं. कुणी हललं नाही. पाथरवटिणीने त्याच्या हातातलं ओगराळं आणि वल्हं घेतलं, म्हणजे पातेलं करपायला नको, आणि ढवळू लागली.

बाई उठल्या. त्यांनी पिंपातलं हात धुवायचं पाणी ओतून टाकलं आणि प्यायच्या हंड्यातलं त्यात भरलं. मग परत जाऊन बसल्या.

मुकादम पिंपाशी गेला. डबडं काढलं, भरलं, घेऊन आला. पाथरवटाने उजव्या हाताने डावा वर ओढून घेतला आणि ओंजळ केली. डावा हात खाली येत होता. ओंजळ वाकडी होत होती. मुकादमाने डबडं ओंजळीवर धरलं. या वेळी त्याने हात बाजूला नेला नाही. पाण्याची धार बारीक सोडली. पाथरवट प्यायला. ओंजळीतून गळेल तेवढं गळू दिलं, घाई केली नाही.

"आणखी."

मुकादम पुन्हा पिंपाशी गेला. पुन्हा आला. मागे रांग उभी होती, भुकेली, आणि कुणी पाय हलवला नाही.

"आणखी."

तिसऱ्या वेळेला पाथरवट अर्धंच पाणी प्यायला. उरलेलं ओंजळीतून मुकादमाच्या पायांवर सांडलं. मुद्दाम की हात दमला म्हणून, ते त्याचं त्याला ठाऊक. मग त्याने तोंड पुसलं आणि बायकोकडे वळला.

"भांडं आणलं नाही मी. तुझंच दे."

तिने आपलं भांडं काढलं. ओगराळं तिने मुकादमाच्या हातात दिलं आणि वल्हं परत त्याच्याकडे सोपवलं. "वाढा. खालून."

त्याने वाढलं.

सगळ्यांचं झाल्यावर मुकादम स्वतःचं भांडं घेऊन तसाच उभा राहिला. तळहाताला फोड आले होते. त्यांच्यावर तो फुंकर घालत होता. गळ्यातली शिट्टी घामाने अंगाला चिकटली होती. त्याने काही मागितलं नाही. तिनेही वाट पाहिली नाही. वल्हं तळाला टेकवून तिने ओढलं, डाळ वर आली, आणि तिने त्याचं भांडं काठोकाठ भरलं.

"पोटभर खा," ती म्हणाली. "उद्या पुन्हा ढवळायचंय. परवाही. खाण आटेपर्यंत."

घरी ती नवऱ्याच्या मागोमाग पोचली. तो भिंतीला टेकून बसला. ती उंबऱ्यात बसून हाताच्या फोडांना तेल लावू लागली. तांब्या आज तिने भरून ठेवला नव्हता.

"अगं, पाणी दे," तो म्हणाला.

तिने ऐकलं. पण ती लगेच उठली नाही. तो पुन्हा म्हणेल म्हणून ती तशीच बसून राहिली.